थैलीत जागा नाही

उद्यमबागेतल्या फौंड्रीत मी स्टोअर सांभाळतो.
कार्डावर लिहितो: बेअरिंग बावीस, ओ-रिंग चारशे,
हातमोजे पंधरा नग, त्यातले डावेच अकरा.
का, ते विचारू नका.
मी लागलो तेव्हापासून तेवढेच आहेत.

रात्री वडगावात, जेवणं आवरली की
टीव्हीखालचा काळा डबा चालू करतो.
जुनाच. कंग्राळकरानं कॅम्पातनं कुणाकडून तरी
साडेसात हजारात मिळवून दिला;
कंट्रोलर थोडा डावीकडं ओढतो, एवढंच.
आत माझा एक माणूस आहे,
दाढीवाला, चिलखत घातलेला, राज्य वाचवायला निघालेला.
त्याचंही स्टोअर मीच सांभाळतो.

साठ किलो. त्यावर एक पीस उचललं
तरी गडी पळायचा बंद होतो,
कमरेत उसण भरल्यासारखा चालतो.
बरं, वजनं तरी काय लावलीत?
पाल्याची जुडी अर्धा किलो.
राजाचं पत्र, साधा कागद, एक किलो.
आणि नव्व्याण्णव बाण: शून्य!
आमच्या ऑडिटरनं असल्या कार्डावर
तांबड्या शाईनं गोल मारला असता,
मालकासमोर उभं केलं असतं.

आणि दम.
खाली कोपऱ्यात एक हिरवी रेघ.
सात पावलं पळाला की रेघ संपली.
सात! आमच्या दारातनं नळापर्यंत.
तलवार तीनदा फिरवली की गुडघ्यावर हात ठेवून उभा,
समोर राक्षस, आणि हा श्वास घेतोय.
फौंड्रीत यल्लव्वा आठ तास वाळूच्या पाट्या वाहते.
तिच्याजवळ अशी रेघ मी कधी बघितली नाही.
असती तर बरं झालं असतं,
सुपरवायझरला दिसली तरी असती.

खेळ इंग्रजीत बोलतो,
लाईटबिल कन्नडात येतं,
शिव्या मी मराठीत घालतो.

भाची शेजारी बसून शेंगा सोलत असते.
"मामा, तांबड्या बाटल्या त्रेचाळीस हाईत,
पी की! कुणासाठी ठेवूलास?"
पुढं लागतील, म्हणतो.
"पुढं म्हणजे कुठं?"
मी उत्तर देत नाही, राक्षस आलेला असतो,
मी मरतो,
बाटल्या त्रेचाळीसच्या त्रेचाळीस.

परवा शेवटी तो पडला, गुहेतला मोठा.
तीन तास लागले, अंगठ्याला फोड आला.
त्याच्या जबड्यात एक दात चमकत होता,
खरं वर पाटी आली: थैलीत जागा नाही.

मग सगळं सामान उघडून बसलो.
काय टाकायचं?
दोन ढाली, त्या लागतात.
बाटल्या, त्या तर लागतीलच.
तळाशी एक लाकडी बासरी.
पहिल्या गावात एका पोरानं दिलेली,
त्याची शेळी हुडकून आणली म्हणून.
वाजत नाही. विकत नाही.
दुकानदार तिचं शून्य देतो.
वजन मात्र दोन किलो.
"टाक ती," भाची म्हणाली.

टाकली.
गुहेत दगडावर पडल्याचा आवाजसुद्धा दिलाय त्यांनी,
कुणीतरी बसून केला असणार तो, एवढाच, नीट.
दात उचलला.
दोन पावलं गेलो, परत वळलो,
बघूया म्हटलं, दुसरं काही टाकता येतंय काय,

आणि लाईट गेली.

अख्खी गल्ली काळी.
कुणीतरी कन्नडात ओरडलं, कुणीतरी मराठीत,
अर्थ एकच.
भाचीनं अंधारातच विचारलं, "जतन केलतास?"
मी फोड चोळत बसलो.

अडीच वाजता लाईट आली. ती झोपलेली.
आवाज बंद करून मी डबा लावला.
गुहेच्या बाहेर, तीन तास मागं,
राक्षस जिवंत, दात त्याच्याच तोंडात.
थैली उघडली.
तळाशी बासरी होती.

अठ्ठावन्न किलो.
बटण दाबलं, गडी पळाला,
सात पावलं.